गून शोचा ‘ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं भेटेल त्याला हा एक एपिसोड ऐकायला लावतो. मित्र, मावसभावंडं, ऑफिसातले लोक, कोणीच सुटलेलं नाहीये. आणि ऐकून झालं की प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून म्हटलं एकदा सगळी उत्तरं नीट एका जागी लिहूनच काढू. काही उत्तरं लांबलीयत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हे नेमकं काय आहे? सिनेमा, नाटक की काय?

रेडिओ. बीबीसीच्या होम सर्व्हिसवर १९५१ ते १९६० या काळात ‘द गून शो’ नावाचा विनोदी कार्यक्रम लागायचा, साधारण अर्ध्या तासाचा. पहिला एपिसोड २८ मे १९५१ ला लागला, तेव्हा त्याचं नाव ‘क्रेझी पीपल’ होतं, ‘गून शो’ हे नाव नंतर आलं. एकूण दहा सीरिज झाल्या. त्यातल्या पाचव्या सीरिजचा तिसरा एपिसोड म्हणजे हा, ‘द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी’. मंगळवारी, १२ ऑक्टोबर १९५४ ला लागला. लिहिला स्पाइक मिलिगनने, निर्माता पीटर ईटन, आणि सगळे आवाज मिळून तीनच माणसांचे: पीटर सेलर्स, हॅरी सीकोम आणि मिलिगन स्वतः. सुरुवातीला मायकल बेंटाइन नावाचा चौथा गडी होता, पण तो दुसऱ्या सीरिजनंतर बाहेर पडला.

बॅटर पुडिंग म्हणजे काय? आपलं ते गोड थरथरणारं पुडिंग का?

नाही नाही, तसं समजून ऐकलंत तर अर्धी मजा जाईल. मैदा, अंडं, दूध आणि मीठ एवढंच घालून धिरड्याच्या पिठासारखं पातळ पीठ करायचं, आणि ते ओव्हनमध्ये कडकडीत तापलेल्या चरबीत ओतायचं, की ते फुगतं, कडेने कुरकुरीत होतं आणि मधे मऊ राहतं. यॉर्कशायर पुडिंग म्हणतात ते हेच, भाजलेल्या मांसाबरोबर आणि ग्रेव्हीबरोबर खातात. गोड नाही, तिखट नाही, इंग्लिश घरातला अगदी रविवारचा पदार्थ. आणि हर्लर म्हणजे फेकणारा. थोडक्यात ‘बेक्सहिलचा खतरनाक पुडिंगफेक्या’.

आता यात एक गोष्ट आपल्याला चटकन लक्षात येत नाही पण तिकडच्या श्रोत्याला लगेच कळत असणार. एपिसोड घडतो १९४१ मध्ये, म्हणजे महायुद्ध चालू, सगळं रेशनवर, अंडं तर माणशी आठवड्याला साधारण एक. आणि एपिसोड लागला तेव्हा रेशन संपून जेमतेम तीन महिने झाले होते, कारण ब्रिटनमधलं अन्नाचं रेशनिंग १९४० च्या जानेवारीत सुरू झालं ते थेट ४ जुलै १९५४ ला पूर्ण संपलं. चौदा वर्षं! युद्ध संपून नऊ वर्षं झाली तरी मटण कार्डावर. अशा लोकांना तुम्ही सांगताय की १९४१ साली कोणीतरी अंडं-दूध-मैद्याचं पुडिंग, ओव्हनमधून काढलेलं, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर फेकत फिरतोय. गुन्हा कुठला मोठा, बाईला लागलं तो की पुडिंग वाया गेलं तो, हे त्या श्रोत्यांना ठरवता आलं नसेल. मला स्वतःला हे रेशनचं कळलं आणि मग परत ऐकलं, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच वेगळाच एपिसोड ऐकतोय असं वाटलं.

गोष्ट काय आहे? (शेवट सांगू नका)

गुन्हेगार कोण ते सांगत नाही. बाकी असं आहे: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल नावाचं शांत गाव, समोर इंग्लिश खाडी, पलीकडे फ्रान्समध्ये जर्मन सैन्य. हल्ला कधीही होईल अशी भीती. रात्री कडक ब्लॅकआउट, म्हणजे कुठेही उजेड दिसू द्यायचा नाही. तरीसुद्धा गावातले म्हातारे-म्हाताऱ्या संध्याकाळचं फिरणं काही सोडत नाहीत, आणि अशा काळोखात हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर हे दोघं समुद्राकाठी चाललेले असताना मिनीला काहीतरी येऊन लागतं. काय लागलं ते बघायला काडी ओढावी तर ब्लॅकआउट, न ओढावी तर दिसत नाही, आणि त्यावर त्या दोघांची जी काही चर्चा चालते ती ऐकायलाच हवी, लिहून काही उपयोग नाही. ते पुडिंग असतं.

मग तपासाला येतो नेडी सीगून. पुडिंग पडत राहतात. संशय लष्कराकडे वळतो आणि तिथे मेजर ब्लडनॉक भेटतो, भित्रा, लबाड, पोटाचा कायमचा आजारी. तपासाचा माग बोटीवर चढतो आणि थेट उत्तर आफ्रिकेत, अल्जिअर्सकडे जातो. मधे एकल्स आणि ब्लूबॉटल ही शोमधली नेहमीची पात्रं येऊन जातात. आणि शेवटी भर समुद्रात एक छोटी होडी, खायला काही नाही, आणि पुराव्याचं पुडिंग.

एवढं सगळं सोडून बेक्सहिलच का? नाव मजेशीर आहे म्हणून?

या प्रश्नासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसलो.

स्पाइक मिलिगनला १९४० च्या जूनमध्ये सैन्यात बोलावलं गेलं आणि त्याला ५६ व्या हेवी रेजिमेंटमध्ये, रॉयल आर्टिलरीत, बेक्सहिललाच पाठवलं. म्हणजे एपिसोडमधला तो काळोख, तो समुद्रकिनारा, ती खाडीकडे डोळे लावून बसलेली रात्र हे त्याने स्वतः उभं राहून बघितलेलं होतं. फ्रान्स नुकताच पडला होता, जर्मन कुठल्याही रात्री याच किनाऱ्यावर उतरतील असं सगळे धरून चालले होते, आणि मिलिगन बावीस वर्षांचा, ट्रम्पेट वाजवणारा, जॅझवेडा पोरगा, तोफखान्यात सिग्नलर, म्हणजे निरोप पोचवणारा. रेजिमेंटमधल्या दोस्तांबरोबर बँड करून नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा.

पुढे १९४३ च्या जानेवारीत त्याची रेजिमेंट बोटीने कुठे गेली? अल्जिअर्सला.

आता परत गोष्ट बघा. बेक्सहिल, ब्लॅकआउट, लष्कर, बोट, अल्जिअर्स. नेडी सीगून पुडिंगफेक्याच्या मागे ज्या रस्त्याने जातो तो रस्ता मिलिगनने स्वतः तोफा घेऊन केलेला आहे. अंधारातून अंगावर येऊन पडणारं काहीतरी, जे कोण फेकतंय ते दिसत नाही, कधी येईल ते माहीत नाही. तोफखान्यातल्या माणसाला हे काय होतं ते सांगायला नको. त्याने फक्त गोळ्याच्या जागी पुडिंग ठेवलं.

आणि त्या रस्त्याचं पुढचं टोक गोष्टीत नाहीये. १९४४ च्या जानेवारीत इटलीत, मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या दिवसांत, त्याच्याजवळ मॉर्टरचा गोळा फुटला. पायाला लागलं, पण खरं लागलं ते डोक्यात. तोफेचा आवाज झाला की हातपाय थरथरायचे, बोलताना अडखळायला व्हायचं, रडू यायचं. त्याची हुद्द्याची पट्टी काढून घेतली गेली. मानसिक आजाराने त्याला नंतर जन्मभर सोडलं नाही. गून शो आठवड्याला एक असा लिहिण्याचं ओझं त्यात भर घालत होतं, आणि १९५२ च्या शेवटी तो पूर्ण कोसळून हॉस्पिटलमध्ये होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याने हा एपिसोड लिहिलाय. मला तो अंधारातला पहिला प्रसंग ऐकताना हसू येतंच, पण ज्या माणसाला धडाम आवाजाने घाम फुटायचा त्याने गून शोमध्ये एवढे स्फोट का घातले असतील हा विचार आता डोक्यातून जात नाही.

मिलिगन आपल्या नगरचा हे खरं आहे का?

शंभर टक्के खरं. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. वडील लिओ मिलिगन आयरिश, ब्रिटिश सैन्यात, आई फ्लॉरेन्स. लहानपण पुण्यात गेलं, कॅम्पातल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये शाळा, नंतर रंगूनला. इंग्लंडला हे कुटुंब तो पौगंडात असताना परत गेलं, आणि ऊन, मोकळी जागा, लष्करी बँड यांच्यात वाढलेल्या त्या पोराला लंडनचं ते करडं, ओलं, कोंदट जगणं अजिबात मानवलं नाही.

पुण्याच्या शाळेतली एक आठवण तो स्वतः सांगायचा. नाताळच्या नाटकात त्याला विदूषकाचं काम दिलं होतं आणि शेवटी सगळे बाळ येशूच्या पाळण्याभोवती जमतात तिथे विदूषकाने जायचं नाही, बाजूला थांबायचं असं सांगितलेलं. त्याला ते पटलं नाही. विदूषकालाही तिथे जागा असायला हवी असं वाटून तो सरळ घुसला. आठेक वर्षांचं पोर. पुणे कॅम्पात कधी त्या बाजूने गेलो की मला हे आठवतं.

नगरकर मंडळींना हे फारसं माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हे नुसतं जन्मगावापुरतं नाहीये, ते शोमध्ये सगळीकडे झिरपलंय. मेजर ब्लडनॉक हा नमुना छावणीतल्या लष्करी माणसांत वाढलेल्या मुलालाच सुचू शकतो, त्याचं ते ‘आता परत अंडा करी नाही’ म्हणत पोट धरून ओरडणं त्याच मातीतलं. काही एपिसोड्समध्ये लालकाका आणि बॅनर्जी असे दोन भारतीय गृहस्थ पण येतात. सेलर्ससुद्धा युद्धात हवाई दलाच्या करमणूक पथकातून भारत, सिलोन, ब्रह्मदेश फिरून आला होता.

एवढी माणसं आहेत, तिघंच कशी करतात?

पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता. हॅरी सीकोम करतो नेडी सीगून, तो वेल्सचा, स्वान्सीचा, आवाज गायकाचा आणि दणदणीत, त्यामुळे लगेच ओळखू येतो. मिलिगन करतो एकल्स (भोळा, जाडा आवाज, प्रत्येक वाक्याआधी विचार करतोय असं वाटतं पण करत नसतो), मिनी बॅनिस्टर ही म्हातारी, आणि काउंट मोरिआर्टी. सेलर्स करतो हेन्री क्रन, मेजर ब्लडनॉक, ग्रिटपाइप-थिन नावाचा गुळगुळीत बोलणारा बदमाश, आणि ब्लूबॉटल हा चिरक्या आवाजाचा शाळकरी पोरगा. हा ब्लूबॉटल आपल्या संवादाबरोबर कंसातल्या सूचनापण मोठ्याने वाचून टाकतो, म्हणजे ‘आत येतो, टाळ्यांची वाट बघतो’ वगैरे, आणि बहुतेक वेळा शेवटी त्यालाच उडवलं जातं.

मिनी आणि हेन्री बोलत असतात तेव्हा मिलिगन आणि सेलर्स समोरासमोर उभे असतात हे डोक्यात ठेवून ऐका. दोन तरणेबांड पुरुष, हातात कागद, समोर हसणारे प्रेक्षक, आणि रेडिओत मात्र दोन जख्ख म्हातारे समुद्रकिनारी कुडकुडतायत.

निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड. हा बीबीसीचा खराखुरा वृत्तनिवेदक, त्याच गंभीर बातम्यांच्या आवाजात तो वेडगळ वाक्यं वाचतो. आपल्याकडे सूत्रधाराला कसं नाटकात ओढतात आणि वगात राजाला शिपाई टपल्या मारतो, तसं इथे बीबीसीच्या आवाजाला ओढलंय. त्या काळात तो आवाज म्हणजे सरकार, युद्धाच्या बातम्या, शिस्त, सगळं. त्यामुळे त्याच्या तोंडी असली वाक्यं येणं हाच एक मोठा विनोद होता.

मधेच गाणी का लागतात?

तेव्हाच्या विनोदी कार्यक्रमांत संगीताचे तुकडे असायचेच. एकदा मॅक्स गेल्ड्रे, हा डच, माउथ ऑर्गन वाजवतो, आणि एकदा रे एलिंग्टन क्वार्टेट. ऑर्केस्ट्राचं काम वॉली स्टॉट या नावाने होतं, त्याच नंतरच्या अँजेला मोर्ली, पुढे सिनेमा संगीतात त्यांचं मोठं नाव झालं. बरेच जण गाणी पुढे ढकलतात. मी नाही ढकलत, एक तर वाजवतात फार सुंदर आणि दुसरं म्हणजे दहा मिनिटं तो गोंधळ ऐकल्यावर डोक्याला श्वास घ्यायला जागा लागतेच. (कलाकार त्या वेळात मागे जाऊन दुधात ब्रँडी घालून प्यायचे असं सांगतात, शोमध्ये त्यावर ‘चला मागे ब्रँडी घ्यायला’ छापाची वाक्यं पण सारखी येतात.)

पुडिंग लागल्याचा आवाज कसा काढला असेल?

या एपिसोडचं नक्की काय केलं ते बाजूला ठेवू, पण मिलिगन आवाजाच्या बाबतीत किती हट्टी होता याचा एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. त्याला कस्टर्डने भरलेला मोजा आपटल्याचा आवाज हवा होता. बीबीसीच्या कँटीनमधल्या बाईला सांगून त्याने खास अंड्याचं कस्टर्ड करून घेतलं, तिने बिचारीने प्रेमाने करून दिलं, आणि याने ते तिच्यासमोरच स्वतःच्या मोज्यात ओतलं आणि स्टुडिओत नेऊन आपटलं. आवाज मनासारखा आला नाहीच.

त्या आधी रेडिओवर आवाज म्हणजे दार वाजलं, पावलं वाजली, फोन वाजला, एवढंच. मिलिगनने आवाजालाच विनोद करायला लावलं. पावलं वाजतायत, वाजतायत, जास्तच वेळ वाजतायत, मग वेग वाढला, मग लांब गेली, मग भलतीकडूनच आली, एक शब्द न बोलता लोक हसून लोळतायत. १९५८ मध्ये बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झाली, आणि तिथल्या सुरुवातीच्या गाजलेल्या आवाजांत मेजर ब्लडनॉकच्या पोटातला आवाज आहे! इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात करीने बिघडलेल्या पोटाला जागा मिळालीय, आणि ते पोट नगरच्या माणसाने लिहिलेलं आहे.

मी ऐकलं पण मला हसूच आलं नाही. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही, पहिल्या वेळी बहुतेकांचं असंच होतं. वेग फार आहे, उच्चार जुने आहेत, रेकॉर्डिंग सत्तर वर्षांपूर्वीचं, आणि प्रेक्षक कशाला हसतायत ते कळत नाही. मी असं सुचवतो:

हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर नको. दिवे बंद करा, खरंच करा, पहिला प्रसंग अंधारात आहे. एकदा सलग ऐका, काही कळलं नाही तरी थांबू नका. गोष्ट समजून घ्यायच्या भानगडीत पडूच नका कारण ती धड समजावी म्हणून लिहिलेलीच नाहीये. आवाज ओळखायला शिका आधी, कोण एकल्स, कोण ब्लडनॉक. दुसऱ्या दिवशी परत ऐका. माझ्या आईला इंग्लिश बेताचंच येतं, तिला मी आधी मराठीत गोष्ट सांगितली आणि मग फक्त मिनी-हेन्रीचा काडीचा प्रसंग लावला, तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली की हे दोघं आपल्या वाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांसारखे भांडतायत. शब्द कळले नसतील, पण दोन म्हातारी माणसं एकमेकांना जन्मभर ओळखत असली की कशी बोलतात ते बरोब्बर कळलं.

शब्दांच्या कोट्या मात्र काही सुटतात, त्याला इलाज नाही.

आज ऐकताना काही खटकतं का?

हो, खटकतं. या एपिसोडमध्ये तेवढं नाही, पण एकूण शोमध्ये रे एलिंग्टनच्या रंगावरून विनोद आहेत, ज्यूंवर आहेत, आणि लालकाका-बॅनर्जीचे ते इंग्लिश उच्चार. मला मिलिगन कितीही आवडत असला तरी यावर मी पांघरूण घालणार नाही. त्याने पुढे १९६९ मध्ये ‘करी अँड चिप्स’ नावाच्या टीव्ही मालिकेत चेहरा रंगवून आयरिश-पाकिस्तानी माणसाचं काम केलं, तक्रारी आल्या आणि ती एका सीरिजनंतर बंद झाली, आणि ती बंद झाली ते बरं झालं असंच माझं मत आहे. लालकाका-बॅनर्जीचं मला जरा वेगळं वाटतं, तिथे आपल्या भाषेतले शब्द मधेच कानावर पडतात आणि ते शब्द लहानपणी खऱ्या माणसांकडून ऐकलेल्या माणसाचे आहेत हे कळतं. पण तुम्हाला नाही आवडलं तर ते एपिसोड सोडा, पुष्कळ इतर आहेत.

शेवट दोन-दोन का आहेत?

(इथून पुढे शेवट फुटणार आहे, ऐकलं नसेल तर आधी ऐकून या.)

होडीत उपाशी, समोर पुडिंग. खाल्लं तर जीव वाचतो पण पुरावा जातो, गुन्हेगार सुटतो. नाही खाल्लं तर न्याय राहतो आणि माणसं मरतात. आणि इथे ग्रीनस्लेड येऊन श्रोत्यांनाच विचारतो की तुम्हीच कळवा काय करावं. आणि ज्यांना सुखान्त हवाच आहे त्यांच्यासाठी म्हणून गोड संगीत, ‘माझ्याशी लग्न करशील?’, ‘हो करीन’, संपलं. ज्याचा गोष्टीशी काहीच संबंध नाही असं ते लग्न.

मला हा शेवट प्रचंड आवडतो. त्या काळच्या प्रत्येक रेडिओ नाटकात, सिनेमात शेवटी संगीत वाढायचं आणि लग्न ठरायचं, आणि इथे तेच संगीत, तेच वाक्य, फक्त एका उपाशी होडीच्या वरून. ज्यांना युद्धातून घरी आल्यावर सगळं नीट होणार म्हणून सांगितलं होतं आणि नऊ वर्षं रेशन कार्ड हातात राहिलं त्यांना हे लागलं असणार.

हा कार्यक्रम पुढे कुणाकुणावर परिणाम करून गेला?

थोडक्यात सांगतो कारण यावर सगळीकडे मिळतं वाचायला. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी गटाची मंडळी याच शोवर वाढली. बीटल्सपण चाहते, त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने आधी सेलर्स आणि मिलिगनच्या विनोदी रेकॉर्ड्स केल्या होत्या, आणि जॉन लेननने १९७३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये गून शोच्या स्क्रिप्टच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. ब्रिटनचा आताचा राजा चार्ल्स तर त्यांचा जाहीर भक्त.

कुठे ऐकायला मिळेल?

बीबीसीच्या रेडिओ ४ एक्स्ट्रावर गून शोचे जुने एपिसोड लागत आलेत, आणि बीबीसीने सीडीवर, डाउनलोडला अधिकृत संच काढलेत. सुरुवातीच्या सीरिजचे पुष्कळ एपिसोड कायमचे गेले, जपूनच ठेवले नव्हते, पण पाचव्या सीरिजपासूनचे बहुतेक आहेत, त्यामुळे हा सुदैवाने वाचला. १९७२ मध्ये निघालेल्या स्क्रिप्टच्या पुस्तकात या एपिसोडची स्क्रिप्ट आहे, ती समोर ठेवून ऐकलंत तर निसटलेले शब्द सापडतात.

हा आवडला, आता पुढे कुठला ऐकू?

लगेच पुढच्याच आठवड्यातला, १९ ऑक्टोबर १९५४ चा, ‘फँटम हेड शेव्हर ऑफ ब्रायटन’, तिथे कोणीतरी लोकांची डोकी भादरत सुटलंय. मग त्याच सीरिजमधला ‘लर्गी स्ट्राइक्स ब्रिटन’, ज्यातल्या बनावट रोगाचं नाव इंग्लिश भाषेत कायमचं राहिलं. मग ‘नेपोलियन्स पियानो’, ऑक्टोबर १९५५, पॅरिसच्या लूव्हरमधून पियानो आणायचाय आणि तो समुद्रातून आणायचाय. आणि एक तर सोडूच नका, १९५७ चा ‘मिस्टीरियस पंच-अप-द-कॉन्कर’, त्यात ब्लूबॉटल एकल्सला किती वाजले विचारतो आणि एकल्सकडे वेळ कागदावर लिहून ठेवलेली असते, कारण एका सद्गृहस्थाने सकाळी त्याला लिहून दिलेली असते. यापेक्षा जास्त सांगत नाही.

मिलिगन आणि सीकोमची ओळख शोमध्ये झाली का?

त्याच्या खूप आधी, उत्तर आफ्रिकेत. मिलिगनच्या रेजिमेंटची एक अवजड हॉवित्झर तोफ नीट रोवली नव्हती, बार काढल्यावर ती मागे सरकत कड्यावरून खाली गेली आणि जवळपास सीकोमच्या ट्रकवरच पडली. थोड्या वेळाने मिलिगन अंधारात डोकं आत घालून विचारतो, ‘कोणी तोफ पाहिली का?’ आणि सीकोम विचारतो, ‘कुठल्या रंगाची?’ ही दोघं सांगायची ती गोष्ट. म्हणजे गून शोचा पहिला संवाद खऱ्या युद्धात खऱ्या तोफेवरून झालेला आहे.

सीकोम एप्रिल २००१ मध्ये गेला. मिलिगन तेव्हा म्हणाला होता की हा आधी गेला ते बरं झालं, नाहीतर माझ्या अंत्यविधीला गायला असता. मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ ला गेला, आणि त्याच्या स्मरणसभेत सीकोमच्या गाण्याची रेकॉर्ड लावलीच. त्याला विंचेल्सीत पुरलंय, बेक्सहिलपासून त्याच किनाऱ्याने थोडं पुढे. दगडावर आयरिश भाषेत लिहिलंय, ‘मी आजारी आहे असं मी तुम्हाला सांगितलं होतं’. सगळे हे विनोद म्हणून सांगतात, आणि आहेच विनोद, पण त्याने खरंच आयुष्यभर सांगितलं होतं.

तुमचं काय मत, नेडीने पुडिंग खावं की नाही?

खावं. गार झालं असलं तरी खावं, आणि गुन्हेगारालाही अर्धं द्यावं.